अनेक डिस्कचे अल्बम संगणकाच्या संग्रहात एकसंध आणि योग्य क्रमाने कसे ठेवावेत

चार डिस्कचा संच संगणकावर उतरवून प्लेअर उघडला की एका अल्बमऐवजी चार अल्बम दिसतात. किंवा अल्बम एकच दिसतो, पण त्यात आधी चारही डिस्कवरची पहिली गाणी, मग चारही डिस्कवरची दुसरी गाणी असा क्रम लागलेला असतो. कोकणात हा घोळ वारंवार होतो, कारण येथील घरांत, वाचनालयांत आणि भजनी मंडळांत जपलेले ध्वनिमुद्रण मुळातच लांब असते. रात्रभर चालणारा दशावतारी प्रयोग, दोन बुवांची डबलबारी (भजनांचा सामना), ज्ञानेश्वरीच्या अठरा अध्यायांचे वाचन किंवा तीन-चार अंकांचे संगीत नाटक एका सीडीच्या ७४ ते ८० मिनिटांत मावत नाही. ते अनेक डिस्कवर विभागलेले असते आणि संगणकावर येताना त्याचे तुकडे होतात.

बहुतेक प्लेअर फोल्डर पाहून अल्बम ठरवत नाहीत. प्रत्येक फाइलच्या आत लिहिलेली माहिती, म्हणजे टॅग, वाचून ठरवतात. अल्बमच्या नावात ‘डिस्क २’ असे शब्द घातले की प्लेअरच्या दृष्टीने तो वेगळा अल्बम होतो, आणि डिस्कचा क्रमांक कोठेच लिहिला नाही की पहिल्या क्रमांकाची चार गाणी शेजारी येऊन बसतात. म्हणून या लेखातील सगळी कृती एका नियमावर उभी आहे: अल्बमचे नाव सर्व फाइलींत अक्षरशः एकच असावे आणि डिस्कचा क्रमांक फक्त त्याच्यासाठी असलेल्या रकान्यात लिहावा.

येथे दिलेला टप्प्यांचा क्रम बदलू नये. बहुसंख्य चुका अज्ञानामुळे होत नाहीत. फाइली एकत्र करण्याचे काम टॅग लिहिण्याआधी उरकून घेतल्यामुळे होतात.

## पूर्वतयारी

डिस्क. किनारपट्टीच्या दमट हवेत सीडीवर बुरशी धरते आणि खारट वाऱ्याबरोबर आलेले बारीक कण पृष्ठभागावर बसतात. कोरड्या कापडाने पुसल्यास हेच कण ओरखडे काढतात. म्हणून आधी डिस्क स्वच्छ पाण्याखाली धरावी, गरज असल्यास सौम्य साबणाचा एखादा थेंब वापरावा आणि मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोल फिरवून पुसू नये. गोल ओरखडा माहितीच्या ओळीला समांतर जातो आणि ड्राइव्हला तो दुरुस्त करून वाचणे अधिक कठीण होते. ज्या बाजूला नाव छापलेले असते ती बाजू अधिक जपावी. सीडीचा चकाकणारा थर त्याच बाजूला, छपाईच्या अगदी खाली असतो आणि तो खरवडला गेला की तेथील ध्वनी कायमचा जातो. चिकटवलेले कागदी लेबल सोलण्याचा प्रयत्न करू नये, आणि हाताने नाव लिहिलेली किंवा कागदी लेबल लावलेली बाजू पाण्याने भिजवू नये.

स्थानिक स्टुडिओत रेकॉर्ड करून दिलेल्या डिस्क बहुधा सीडी-आर, म्हणजे संगणकावर लिहिता येणाऱ्या सीडी, असतात आणि त्यांची खालची बाजू हिरवट किंवा निळसर दिसते. कारखान्यात छापलेल्या रुपेरी सीडीपेक्षा त्या उष्णतेने, उजेडाने आणि ओलाव्याने लवकर खराब होतात. संग्रह मोठा असेल तर कामाची सुरुवात याच डिस्कपासून करावी. बाजारात पुन्हा मिळू शकणारे संच नंतर घेतले तरी चालते.

कागद. संचाच्या पुस्तिकेचे आणि प्रत्येक डिस्कच्या दर्शनी बाजूचे फोटो काढून ठेवावेत. एका कागदावर एकूण डिस्क किती, प्रत्येकीवर किती गाणी आणि प्रत्येकीचा एकूण वेळ किती हे लिहावे. पुढच्या सर्व तपासण्या याच कागदावरून करायच्या आहेत.

जागा. सीडीवरील एक तासाचा ध्वनी मूळ स्वरूपात सुमारे ६३५ एमबी जागा घेतो. फ्लॅक या जागा वाचवणाऱ्या स्वरूपात तो साधारण निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत येतो आणि गुणवत्तेत काहीही घट होत नाही. वेव्ह स्वरूपात साठवू नये. त्या फाइलींमध्ये टॅग लिहिण्याची सोय नीट रुळलेली नाही; एका प्रोग्रामने लिहिलेली माहिती दुसरा वाचेलच असे नाही.

वीज. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. टॅग लिहिताना संगणक बंद पडला तर ती फाइल अर्धवट राहून खराब होऊ शकते. काम लॅपटॉपवर, बॅटरी चार्ज असताना करावे, किंवा संगणकाला यूपीएस जोडलेला असावा.

## टप्पा १: हा एक अल्बम आहे की अनेक, हे ठरवा

हा निर्णय संगणक करू शकत नाही आणि तो आधी घेतला नाही तर पुढचे सर्व टॅग दोनदा लिहावे लागतात.

एकाच वेळी, एकाच नावाने प्रकाशित झालेला आणि ज्याच्या डिस्कना स्वतःचे वेगळे शीर्षक नाही असा संच एक अल्बम समजावा. ‘भाग १’, ‘भाग २’ अशा नावांनी वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या वेष्टनांत निघालेल्या सीडी हे स्वतंत्र अल्बम समजावेत. त्या आपण एका डब्यात ठेवल्या म्हणून त्यांचा संच होत नाही. यांच्या मधला प्रकारही असतो: पूर्वी स्वतंत्र निघालेले अल्बम कंपनीने नंतर एका खोक्यात घालून विकलेले असतात. तेथे प्रत्येक डिस्कला स्वतःचे पूर्ण नाव आणि स्वतःचे मुखपृष्ठ असेल तर ते वेगवेगळे ठेवावेत असे माझे मत आहे, कारण ऐकणारा ते त्याच नावांनी शोधतो.

डबलबारीच्या बाबतीत पुष्कळ जण प्रत्येक बुवांच्या बारीचा वेगळा अल्बम करतात. असे करू नये. डबलबारी हा सामना आहे. एका बुवांच्या गजराला दुसऱ्या बुवांनी दिलेले उत्तर त्या प्रश्नानंतरच ऐकले पाहिजे. सगळी रात्र हा एक अल्बम आणि त्यातील डिस्क हे त्याचे भाग, अशीच मांडणी ठेवावी. दशावतारातही आडदशावतार हा आरंभीचा भाग आणि त्यानंतरचे आख्यान एकाच प्रयोगाचे असतील तर ते एकाच अल्बममध्ये राहतील.

बाजारात मिळणाऱ्या ‘एमपीथ्री सीडी’ मात्र ओळखून बाजूला काढाव्यात. त्या ध्वनीच्या सीडी नसून तयार फाइलींच्या डिस्क असतात आणि एकाच डिस्कवर आठ-दहा वेगवेगळे अल्बम असू शकतात. त्या रिप करायच्या, म्हणजे ध्वनी वाचून त्याच्या फाइली बनवायच्या, नसतात. फाइली थेट कॉपी करून घ्यायच्या आणि टप्पा ४ पासून पुढचे काम करायचे.

तपासणी: कागदावर संचाचे एक नाव आणि ‘एकूण डिस्क’ हा आकडा लिहिलेला आहे का? नसेल तर पुढे जाऊ नये.

## टप्पा २: नावे एकदाच टाइप करा

अल्बमचे नाव, अल्बमचा मुख्य कलाकार आणि वर्ष एका साध्या मजकूर फाइलमध्ये एकदाच टाइप करावे आणि पुढे प्रत्येक वेळी तेथूनच कॉपी करून चिकटवावे. हा नियम मराठी संग्रहाला विशेष लागू आहे, कारण देवनागरीत डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाला वेगळे असू शकतात.

‘किनाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याची’ अशा शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ वापरतात, तर काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही रूपे बहुधा एकच दिसतात. पहिल्या डिस्कचे नाव मोबाइलवर टाइप केले आणि दुसरीचे संगणकावर, तर अल्बम दुभंगतो आणि कितीही वेळा वाचले तरी कारण सापडत नाही. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा, एकदा लिहिलेला आणि एकदा गाळलेला ‘बुवा’ हा शब्द, कधी मराठी तर कधी इंग्रजी अंक यांनीही हेच होते.

## टप्पा ३: प्रत्येक डिस्क स्वतंत्र फोल्डरमध्ये उतरवा

संचाच्या नावाचा एक फोल्डर करावा आणि त्याच्या आत प्रत्येक डिस्कसाठी एक उपफोल्डर आधीच तयार करून ठेवावा. मग डिस्क क्रमाने, एका वेळी एक, रिप करावी.

विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी आणि मॅकवर एक्सएलडी हे प्रोग्राम वाचनातील चुका काटेकोरपणे पकडतात. ते ॲक्युरेटरिप या संचयिकेशी ताडून इतरांनी केलेल्या रिपशी तुमची रिप जुळते की नाही हे सांगतात. स्थानिक पातळीवर निघालेल्या डिस्कची नोंद तेथे बहुधा सापडत नाही आणि सीडी-आरची जवळजवळ नसतेच. अशा वेळी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीमधील चाचणी आणि कॉपी असा दुहेरी पर्याय वापरावा. त्यात प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वेळचे तपास-अंक, म्हणजे वाचलेल्या माहितीवरून काढलेल्या संख्या, सारखे आले तर वाचन बहुधा बरोबर आहे असे मानता येते. वेगळे आले तर डिस्क पुन्हा स्वच्छ करावी, वाचनाचा वेग कमी करावा, आणि तरीही जमले नाही तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसऱ्याला वाचता येणे ही नेहमीची गोष्ट आहे.

रिप करताना प्रोग्राम इंटरनेटवरून गाण्यांची नावे आणतो. ती नावे सोयीची असली तरी प्रत्येक डिस्कची नोंद वेगवेगळ्या माणसांनी केलेली असू शकते. पहिलीचे नाव रोमन लिपीत, दुसरीचे देवनागरीत, तिसरीच्या नावापुढे कंसात डिस्कचा क्रमांक, असे हमखास होते. आणलेली नावे कच्चा मसुदा समजावीत.

इशारा: सर्व डिस्क एकाच फोल्डरमध्ये रिप करू नयेत. प्रोग्राम फाइलींना केवळ ट्रॅक क्रमांकाचे नाव देत असेल, तर दुसऱ्या डिस्कची पहिली फाइल पहिल्या डिस्कच्या पहिल्या फाइलवर लिहिली जाते आणि मूळ फाइल नष्ट होते. ‘बदलू का?’ असा प्रश्न आला तर घाईत होकार देऊ नये.

तपासणी: प्रत्येक उपफोल्डरमधील फाइलींची संख्या आणि एकूण वेळ कागदाशी जुळवावा. प्रत्येक डिस्कच्या शेवटच्या ट्रॅकचा शेवटचा अर्धा मिनिट ऐकावा, कारण सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि कडेचा भागच हाताळणीने जास्त खराब होतो.

येथे संपूर्ण फोल्डरची एक प्रत दुसऱ्या हार्डडिस्कवर काढून ठेवावी. यापुढे फाइलींत बदल होणार आहेत.

## टप्पा ४: टॅग लिहा

या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा. विंडोज आणि मॅकवर एमपीथ्रीटॅग, तर लिनक्ससह सर्वत्र किड३ हे प्रोग्राम यासाठी चांगले आहेत. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा प्रोग्राम म्युझिकब्रेन्झच्या सार्वजनिक संचयिकेतून माहिती आणतो आणि संच तेथे नोंदलेला असेल तर सर्व डिस्क एकाच प्रकाशनाखाली मिळतात. मात्र पिकार्डमध्ये प्रत्येक डिस्क वेगळ्या प्रकाशनाला जोडली जाणार नाही याची काळजी घ्यावी. पहिली डिस्क मूळ आवृत्तीला आणि दुसरी पुनर्मुद्रणाला जोडली गेली तर दोघींना वेगळे ओळख-क्रमांक मिळतात, आणि नॅव्हिड्रोमसारखे संगीत पुरवणारे सर्व्हर नाव एकच असूनही त्यांचे दोन अल्बम करतात.

रकाने पुढील क्रमाने भरावेत.

अ) संपूर्ण संचाला समान असलेले रकाने. सर्व डिस्कच्या सर्व फाइली एकदम निवडून अल्बम, अल्बम आर्टिस्ट आणि वर्ष हे तीन रकाने टप्पा २ मधील मजकुरातून चिकटवावेत. अल्बमच्या नावात डिस्कचा क्रमांक, ‘सीडी’ किंवा ‘भाग’ असे काहीही राहू देऊ नये.

अल्बम आर्टिस्ट हा रकाना रिकामा सोडणे ही दुसऱ्या क्रमांकाची मोठी चूक आहे. तो रिकामा असला की अनेक प्लेअर साध्या कलाकाराच्या रकान्यावरून अल्बम जुळवतात आणि ज्या संचात प्रत्येक गाण्याचा गायक वेगळा आहे त्याचे गायकागणिक तुकडे होतात. डबलबारीच्या अल्बममध्ये येथे दोन्ही बुवांची नावे एकाच ठरलेल्या क्रमाने सर्व फाइलींत लिहावीत. अनेक गायकांच्या नाट्यगीतांच्या संचात ‘विविध कलाकार’ असे लिहावे. प्रत्यक्ष गाणाऱ्याचे नाव आर्टिस्ट या रकान्यात, गाण्यागणिक वेगळे, लिहायचे असते.

काही प्रोग्रामांत ‘कंपायलेशन’ (अनेक कलाकारांचा संग्रह) अशी खूण असते. ती संचातील सर्व फाइलींना असावी किंवा एकीलाही नसावी.

आ) डिस्कचा क्रमांक. चार डिस्कचा संच असेल तर आता पहिल्या उपफोल्डरमधील सर्व फाइली निवडून डिस्क क्रमांकात १ आणि एकूण डिस्कमध्ये ४ लिहावे. मग दुसऱ्या उपफोल्डरला २ आणि ४. याप्रमाणे शेवटपर्यंत जावे. हे आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करावेत, कारण अनेक प्लेअरना मराठी अंक संख्या म्हणून वाचता येत नाहीत. ट्रॅक क्रमांकालाही हाच नियम आहे. शीर्षकात मराठी अंक लिहिण्यास हरकत नाही.

इ) ट्रॅक क्रमांक. प्रत्येक डिस्कवर क्रमांक १ पासून सुरू करावेत. एमपीथ्रीटॅगमध्ये आपोआप क्रमांक देण्याची सोय आहे आणि प्रत्येक फोल्डरला क्रमांक नव्याने सुरू करण्याचा पर्यायही तेथेच असतो, तो निवडावा. ही सोय पडद्यावर फाइली ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने आकडे देते. त्यामुळे यादी आधी फाइलच्या नावानुसार लावून घ्यावी. शीर्षकानुसार लावलेल्या यादीवर क्रमांक दिले तर सर्व गाणी अकारविल्हे क्रमाने बसतात आणि मूळ क्रम पुस्तिकेशिवाय परत मिळत नाही.

काही रचनांना डिस्कपेक्षा मोठा असा स्वतःचा क्रम असतो. गीतरामायणाची ५६ गीते कथेच्या ओघाने जातात. ती कितीही डिस्कवर विभागली तरी ऐकणारा त्यांना गीताच्या क्रमानेच ओळखतो. अशा संचात डिस्कचे क्रमांक पूर्णपणे वगळून १ ते ५६ असे सलग क्रमांक देणे योग्य ठरते. मात्र दोन्ही पद्धतींचे मिश्रण करू नये. काही फाइलींत डिस्क क्रमांक आणि काहींत तो रिकामा असेल, तर रिकाम्या फाइली बहुतेक प्लेअरमध्ये सर्वांच्या आधी जाऊन बसतात.

ई) डिस्कचे उपशीर्षक. डिस्कला स्वतःचे छोटे नाव असेल तर ते डिस्क सबटायटल या रकान्यात लिहावे, जसे ‘अध्याय १ ते ३’, ‘आडदशावतार’, ‘पहिली बारी’, ‘अंक दुसरा’. सगळे प्लेअर ते दाखवत नाहीत, तरीही लिहून ठेवावे. लोक हीच माहिती अल्बमच्या नावात घालतात आणि तेथेच संच फुटतो. एखादा अध्याय एका डिस्कवर अर्धा आणि पुढच्या डिस्कवर अर्धा असेल, तर शीर्षकात ‘अध्याय ६, पूर्वार्ध’ आणि ‘अध्याय ६, उत्तरार्ध’ असे लिहावे. दोन्ही फाइली जोडून एक करण्याच्या फंदात पडू नये. डिस्कच्या शेवटी आवाज हळूहळू कमी केलेला असतो आणि पुढच्या डिस्कच्या आरंभी काही ओव्या पुन्हा आलेल्या असतात. तो सांधा नीट बसत नाही.

इशारा: एमपीथ्री फाइली असतील तर टॅगचा प्रकार आयडीथ्री आवृत्ती २.३ आणि अक्षरसंच यूटीएफ-१६ निवडावा. जुन्या, पहिल्या आवृत्तीच्या टॅगमध्ये देवनागरी मावत नाही, शीर्षकाला फक्त ३० अक्षरांची जागा असते आणि डिस्क क्रमांकाचा रकानाच नसतो. तो टॅग काढून टाकावा. नावाच्या जागी चौकोन दिसत असतील तर बहुधा केवळ फॉन्टचा प्रश्न असतो आणि माहिती सुरक्षित असते. प्रश्नचिन्हे दिसत असतील आणि ती तशीच साठवली गेली असतील, तर माहिती पुसली गेलेली असते व पुन्हा टाइप करण्यावाचून उपाय नसतो.

तपासणी: सर्व फाइली एका यादीत घेऊन आधी ट्रॅक क्रमांकानुसार आणि मग डिस्क क्रमांकानुसार लावाव्यात. यादी पुस्तिकेच्या क्रमाशी तंतोतंत जुळली पाहिजे. मग सर्व फाइली निवडून अल्बमचा रकाना पाहावा. एमपीथ्रीटॅगमध्ये सर्व फाइलींत एकच नाव असेल तर ते नाव दिसते. एखाद्या फाइलमध्ये फरक असेल तर नावाऐवजी ‘कीप’ हा शब्द दिसतो. अर्ध्या र सारखा डोळ्यांना न दिसणारा फरकही येथे पकडला जातो.

## टप्पा ५: मुखपृष्ठ

सर्व डिस्कच्या सर्व फाइलींत एकच चित्र घालावे. प्रत्येक डिस्कला वेगळे चित्र दिले तर काही प्लेअर गाण्यागणिक चित्र बदलतात. ६०० ते १००० पिक्सेलचे चौरस जेपेग चित्र पुरेसे आहे. मोबाइलवर काढलेला कित्येक एमबीचा फोटो जसाच्या तसा घातला तर तो प्रत्येक फाइलमध्ये साठतो आणि जुने कार-स्टीरिओ त्यावर अडखळतात.

## टप्पा ६: फाइलींची नावे बदला आणि मगच एकत्र आणा

आता टॅग पूर्ण असल्यामुळे फाइलींची नावे त्यांच्यावरूनच तयार करता येतात. नमुना असा ठेवावा: डिस्क क्रमांक, आडवी रेघ, दोन अंकी ट्रॅक क्रमांक, मोकळी जागा, शीर्षक. उदाहरणार्थ ‘१-०१ रूपाचा अभंग’, ‘१-०२ गौळण’, ‘२-०१ गजर’. प्रत्यक्ष फाइलींत हे आकडे इंग्रजी अंकांत असतील. संचात दहा किंवा अधिक डिस्क असतील तर डिस्क क्रमांकही दोन अंकी घ्यावा, अन्यथा नावानुसार लावताना काही उपकरणांत दहावी डिस्क दुसरीच्या आधी येते.

डिस्क क्रमांक आणि एकूण डिस्क एकाच रकान्यात तिरकी रेघ घालून लिहिलेले असतील तर येथे दक्ष राहावे. फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. ती गळून ‘१/४’ चे ‘१४’ होऊ शकते. नाव बदलण्यापूर्वी प्रोग्राम नमुना दाखवतो, तो वाचून मगच होकार द्यावा. शीर्षकातील प्रश्नचिन्ह, विसर्गाच्या जागी टाइप केलेले अपूर्णविराम (:) आणि दुहेरी अवतरणचिन्हेही विंडोजच्या फाइलनावात चालत नाहीत. टॅगमध्ये ती राहू द्यावीत, फक्त फाइलच्या नावातून काढावीत. अभंगाचा पूर्ण चरण शीर्षकात असेल तर फाइलचे नाव आखूड करावे, कारण विंडोजवरील अनेक प्रोग्राम फोल्डरसह संपूर्ण मार्ग २६० अक्षरांच्या आतच स्वीकारतात.

नावे बदलून झाल्यावर सर्व फाइली उपफोल्डरांतून काढून संचाच्या मुख्य फोल्डरमध्ये आणाव्यात. उपफोल्डर तसेच ठेवले तरी टॅग वाचणारे प्लेअर चुकत नाहीत, परंतु मी एकाच फोल्डरची शिफारस करतो. पुढे कोणी हा संच कॉपी करताना एखादी डिस्क मागे राहण्याची शक्यता त्यामुळे उरत नाही.

तपासणी: मुख्य फोल्डरमधील फाइलींची संख्या सर्व डिस्कवरील ट्रॅकच्या बेरजेइतकी आहे का? एकही कमी असेल तर टप्पा ३ च्या शेवटी काढलेली प्रत उघडावी.

## टप्पा ७: संग्रहात दाखल करा

प्लेअरला किंवा सर्व्हरला नवा फोल्डर वाचायला सांगावा. हाच संच पूर्वी तुकड्यांत दाखल झाला असेल तर आधी जुन्या नोंदी काढाव्यात. प्लेक्स, जेलीफिन, ॲपल म्युझिक यांसारखे प्रोग्राम स्वतःची वेगळी नोंद ठेवतात आणि फाइल दुरुस्त झाली तरी जुने रूप दाखवत राहू शकतात. पुष्कळ जण याच ठिकाणी टॅग चुकले असे समजून पुन्हा टॅग बदलत बसतात. शंका आली तर तीच फाइल एमपीथ्रीटॅगमध्ये उघडून पाहावी. तेथे माहिती बरोबर असेल तर दोष प्लेअरच्या नोंदीत आहे.

शेवटी पहिल्या डिस्कचा शेवटचा ट्रॅक लावावा आणि त्यानंतर दुसऱ्या डिस्कचा पहिला ट्रॅक आपोआप सुरू होतो का ते ऐकावे. प्रत्येक सांध्यावर हे करावे.

## टप्पा ८: गाडीसाठी आणि मंडपासाठी वेगळी प्रत

गणेशोत्सवात मंडपातला पेटीवजा स्पीकर किंवा मुंबई-गोवा महामार्गावरच्या प्रवासातला साधा कार-स्टीरिओ पुष्कळदा टॅग वाचतच नाही. काही उपकरणे फाइलच्या नावाने क्रम लावतात, तर काही पेनड्राइव्हवर फाइली ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. तेथे गाणी उलटसुलट वाजली म्हणून मूळ संग्रहातील नावे किंवा क्रमांक बदलू नयेत. पेनड्राइव्हसाठी स्वतंत्र प्रत करावी, ती एमपीथ्रीमध्ये रूपांतरित करावी, फाइलींना संपूर्ण संचभर सलग तीन अंकी क्रमांक द्यावेत आणि उपकरण देवनागरी दाखवत नसेल तर फक्त याच प्रतीत रोमन लिपीतील नावे लिहावीत. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करून रिकामा करावा आणि फाइली नावाच्या क्रमाने लावून एकाच वेळी कॉपी कराव्यात. मागाहून राहिलेली एक फाइल टाकली तर कॉपीच्या क्रमाने वाजवणाऱ्या उपकरणात ती सर्वांत शेवटी वाजते. अशा वेळी पुन्हा फॉरमॅट करून सर्व फाइली नव्याने कॉपी करणे हाच सोपा मार्ग आहे.

## टप्पा ९: बॅकअप

पूर्ण झालेल्या संचाच्या दोन प्रती वेगवेगळ्या हार्डडिस्कवर ठेवाव्यात आणि त्यांतील एक किनाऱ्यापासून दूर, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे असावी. घरातील हार्डडिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी; पुड्या पावसाळ्याआधी बदलाव्यात. घरी लिहिलेल्या डीव्हीडीवर बॅकअप ठेवू नये, कारण सीडी-आरला दमट हवेत जे होते तेच तिलाही होते. टप्पा ३ मधील, टॅग लिहिण्यापूर्वीची प्रत नवा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून, त्यातील प्रत्येक डिस्कचा किमान एक ट्रॅक वाजवून पाहिल्यानंतरच पुसावी. मूळ डिस्क आणि पुस्तिका त्यानंतरही टाकू नयेत.